दोन्ही कानांनी ऐकायची गाणी

३ फेब्रुवारी

ठोक्या,

पाकिटावरचं अक्षर बघून तू हे न फोडताच ठेवून देशील, हे धरूनच लिहायला बसले आहे. अकरा वर्षांत तू माझा एकही फोन उचलला नाहीस. फोनचं बरं असतं, वाजून वाजून आपोआप गप्प होतो. पत्र मात्र टेबलावर पडून राहतं. तू जरा वेळ त्याच्याकडे पाठ करून बसशील आणि मग उघडशील. लहानपणापासून तुला बंद डबा बघवत नाही.

तर गोष्ट अशी. नोव्हेंबरात माझा उजवा गुडघा बदलला. नवा गुडघा छान आहे, माझ्याहून तरुण आहे आणि माझं अजिबात ऐकत नाही. त्याला वळण लावायला व्यायामाची डॉक्टर घरी येते. तिशीचीही नसेल, पण शिस्तीत आमच्या शाळेतल्या सिस्टर तिच्यापुढे लेच्यापेच्या. खुर्चीसमोर ठेवायचं एक पायडलचं यंत्र तिने आणून दिलं आणि बजावलं, रोज वीस मिनिटं, मध्ये थांबायचं नाही. मी रेडिओ लावून पाय मारायचे. गाणं चार मिनिटांत संपे आणि गाण्याबरोबर मीही. दोन दिवस तिने बघितलं. मग म्हणाली, "मॅडम, तुम्ही दमून थांबत नाही, गाणं संपलं म्हणून थांबता. वीस मिनिटांचं गाणं नसतं का हो कुठे?"

मला हसू आवरेना. नसतं का म्हणे! तुझ्या खोलीत तबकडीची अख्खी बाजू म्हणजे एक गाणं, अशा किती तबकड्या होत्या. वह्या तपासता तपासता मी भिंतीवर थाप मारून विचारायचे, अरे, तेच चालू आहे की परत लावलंस? आणि तू आतून ओरडायचास, "ताई, आत्ता कुठे सुरू होतंय!"

मग मी फोनवर शोधत बसले आणि एका मंडळात जाऊन पडले. नाव 'लांब पल्ला'. चारशेच्या वर माणसं, कोणी कोणाला भेटलेलं नाही, सगळी तुझ्यासारखी. कोणी खरं नाव सांगत नाही. एक घड्याळं दुरुस्त करणारा आहे, तो मिनिटकाटा. एक दातांची डॉक्टर आहे, ती दाढ. ती दवाखान्यात दिवसभर हेच वाजवते, कारण पेशंटचं तोंड उघडं असतं आणि तक्रार करता येत नाही. मी आत शिरताना खरं कारण सांगून टाकलं, तेव्हा माझं नाव पडलं गुडघेबाई. मला आवडलं. पस्तीस वर्षं मुलींनी पाठीमागे ठेवलेली नावं याहून वाईट होती.

या मंडळाची एक रीत आहे. गाणं सुचवणाऱ्याने तीन गोष्टी लिहायच्याच: किती लांब, कुठे बसून ऐकायचं आणि कोणी ऐकू नये. ज्याला सुचवलं त्याने तीनदा ऐकल्याशिवाय मत द्यायचं नाही. पहिल्यांदा ऐकून मत देणं म्हणजे पाहुणा दारात उभा असतानाच त्याचा स्वभाव सांगणं, असं मिनिटकाटा म्हणतो.

मला पहिलं गाणं त्यानेच दिलं. बँडचं नाव मी मराठीतच लिहिते, मला तसंच गोड वाटतं: 'मिठाचं गोदाम'. चौघं जण आहेत, तिसरीच तबकडी. "बावीस मिनिटं दहा सेकंद. पाठ टेकून. घाई असलेल्याने ऐकू नये." सुरुवातीला तीन मिनिटं नुसती बेस गिटार, एखादं माणूस रिकाम्या घरात खुर्च्या लावत फिरावं तशी. मी मनात म्हटलं, झालं, फसवलं यांनी. आणि मग ठोक्या, एकदम मागून गायनमंडळ उठलं. माझ्या अंगावर काटा आला. मला वाटलं, आमच्या शाळेच्या चॅपलमध्येच उभी आहे, सिस्टर ऑर्गन वाजवताहेत आणि मी पानं उलटतेय. मंडळात विचारलं की या गाणाऱ्या बायका कोण. तर बायका नव्हेतच! मेलोट्रॉन म्हणून वाद्य असतं, प्रत्येक पट्टीखाली एकेक फीत, पट्टी दाबली की फीत आठ सेकंद गाते आणि संपते. तुला हे ठाऊक असणार. मला तू कधी का सांगितलं नाहीस? की सांगितलं होतंस आणि मी भिंत थोपटत होते?

पायडल बावीस मिनिटं फिरलं. डॉक्टर घड्याळाकडे बघत राहिली.

गाण्याचा पत्ता सोबतच्या चिठ्ठीवर लिहिला आहे. हेडफोन लावून ऐक, दोन्ही कानांना नीट बसवून. आणि ठेवून देऊ नकोस, याच महिन्यात ऐक.

ताई

११ फेब्रुवारी

ठोक्या,

उत्तर नाही. मला घाईही नाही, म्हणजे आहे, पण ते राहू दे. आधी हस.

दाढने मला आठवडाभरापूर्वी एक अख्खी तबकडी दिली. 'सातवा पोस्टमन' नावाचा बँड, अकरा गाण्यांत मिळून एकच कथा. एक पोस्टमन, बुडालेलं गाव, न पोचलेली पत्रं. मी तीनदा ऐकलं, वही घेऊन टिपणं काढली आणि मंडळात रीतसर मत लिहिलं. लिहिलं की संगीत अप्रतिम, परंतु कथानक फारच धाडसी आहे. पोस्टमन दुसऱ्याच गाण्यात बुडून मरतो, पाचव्यात त्याचं लग्न होतं, आठव्यात तो शाळेत जातो आणि शेवटी त्याची आई त्याला जन्म देते. काळाची ही उलटी चाल मला फार भावली, असंही वर लिहिलं.

तासाभराने मिनिटकाट्याने अगदी हळुवारपणे विचारलं, "गुडघेबाई, फोनवर दोन बाण एकमेकांना छेदताना दिसतात का? त्यांचा रंग हिरवा आहे का?"

हिरवा होता. फोन आपल्या मनाने गाणी उलटसुलट वाजवत होता आणि मी वही भरत होते. काय गहजब झाला म्हणून सांगू! एकाने लिहिलं, मी आजारी पडलो. दाढ म्हणाली, बत्तीस दात उलट्या क्रमाने बसवल्यासारखं वाटलं. पण दुसऱ्या दिवशी त्यातल्या सहा जणांनी माझ्या क्रमाने ऐकून बघितलं आणि दोघांना तोच जास्त आवडला. आता त्या क्रमाला मंडळात 'गुडघेबाईंची आवृत्ती' म्हणतात.

आणि दुसरी गोष्ट, ही तर फक्त तुलाच कळेल. 'उशिराचे पाहुणे' म्हणून तिघा बहिणींचा बँड आहे, त्यांच्या एका गाण्याचा ठेका सातचा. चारच्या ठेक्यावर पायडल मारलं की सम दर वेळी एकाच पायावर येते, आणि मी लबाडी करून ती चांगल्या पायावर घ्यायचे. दुखरा नुसता मागून फरफटायचा. सातमध्ये लबाडीच करता येत नाही. एकदा सम डावीकडे, पुढच्या वेळी उजवीकडे. आठ दिवस हे केल्यावर डॉक्टरने मला खोलीत या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायला लावलं आणि म्हणाली, लंगडणं निम्म्यावर आलंय, काय केलंत? मी म्हटलं, सात मोजते. तिने वहीत काहीतरी लिहून घेतलं. तीही आता पाहुण्यांना ऐकते.

तू पाटावर, डब्यांवर, माझ्या डोक्यावर चमच्यांनी हेच वाजवायचास ना? आई म्हणायची, या मुलाला नीट चार मोजता येत नाहीत, गणितात काय दिवे लावणार.

आईचं नाव निघालं. निघणारच होतं.

ठोक्या, ते 'मिठाचं गोदाम' ऐकलंस का रे? सतराव्या मिनिटाला एक गिटार उजव्या कानात सुरू होते आणि दुसरी डाव्या कानातून तिला उत्तर देते. एका कानाने ऐकलं तर नुसती बडबड, दोन्हींनी ऐकलं तर संवाद. ऐक ना.

ताई

१८ फेब्रुवारी

ठोक्या,

मी तुझ्याशी खोटं बोलले नाही, पण खरंही पुरं सांगितलं नाही. शाळेत याला आम्ही अर्धी कबुली म्हणायचो आणि सिस्टर ती परत पाठवायच्या.

गुडघा खरा आहे, मंडळ खरं आहे. पण पत्र लिहायला घेतलं ते तुझ्या बायकोचा फोन आला म्हणून. जानेवारीत आला होता. तिच्यावर रागावू नकोस. तिने मला शपथ घातली होती की तुला कळू द्यायचं नाही, आणि मी ती सात आठवडेसुद्धा पाळली नाही. ती म्हणाली, "ताई, उजव्या कानाच्या नसेवर गाठ आहे. साधीच आहे, जिवाला धोका नाही. पण काढली की त्या कानाने पुन्हा ऐकू येणार नाही. चौदा मार्चला ऑपरेशन आहे." मी विचारलं, तो आता काय ऐकतो? ती म्हणाली, काही नाही. तिच्या माहितीत तू अकरा वर्षांत एकही गाणं लावलेलं नाहीस. हेडफोन कपाटात वरच्या फळीवर आहेत.

अकरा वर्षं म्हणजे कधीपासून, हे मला कोणी मोजून द्यायला नको. आईच्या तेराव्याला सगळे नातेवाईक पुढच्या खोलीत बसले होते. काकूने विचारलं, घरात दोन दोन मुलं असताना म्हातारी एकटी उठून पडलीच कशी? आणि मी तुझ्याकडे बोट दाखवलं. "हा कानात बोळे घालून बसला होता. याच्या गाण्यांनी आईचा जीव घेतला." तू उठून चपला घातल्यास. 

तेव्हा आता माझी एकच इच्छा आहे. चौदा तारखेच्या आत तू ते हेडफोन खाली काढावेस. मग मला उत्तर देऊ नकोस हवं तर.

मी मंडळात विचारलं. नाव न सांगता लिहिलं, की एका माणसाला चौदा मार्चपर्यंत दोन कान आहेत, त्याने काय ऐकावं? मला वाटलं होतं पाचदहा उत्तरं येतील. चार दिवस मंडळात दुसरं काही नाही! आधी सगळ्यांना वाटलं कान माझाच. एकाने मला त्याच्या कानाच्या डॉक्टरचा नंबर पाठवला, एकाने रडकं तोंड. मी सांगितलं, भावाचा आहे. मग जास्तच जोर चढला. शंभराच्या वर नावं आली. मिनिटकाटा म्हणाला, जुनी, ज्यांच्यावर तो वाढला तीच द्या, निरोप घेऊ दे. पुष्कळांनी माना डोलावल्या. तेव्हा दाढ उतरली. तिने लिहिलं:

"जुनी कशाला? जुनी त्याच्या डोक्यात दोन्ही कानांनी ऐकलेली आहेतच, ती कुठला सर्जन काढणार? त्याला नवी द्या. जी आत्ता दोन कानांनी आत गेली नाहीत, ती पुन्हा कधीच जाणार नाहीत."

मिनिटकाट्यासारख्या माणसाने दीड दिवस आपली यादी तपासली. मग म्हणाला, मान्य. ठोक्या, असं भांडण मी जन्मात पाहिलं नव्हतं. लोक आपापल्या लाडक्या तबकड्या मागे घेत होते, "माझी राहू द्या, तिच्यात उजवीकडे फारसं काही नाही," असं म्हणत.

शेवटी एकच उरली. पुढच्या पत्रात पाठवते, तिसऱ्यांदा ऐकायची राहिली आहे. रीत ती रीत.

ताई

२४ फेब्रुवारी

ठोक्या,

तिसऱ्यांदा ऐकली. चिठ्ठी सोबत आहे. बँडचं नाव 'वाऱ्याचं वजन'. पाच जणांची ही पहिलीच तबकडी आहे, गेल्या वर्षीची. मंडळातल्या बहुतेकांनीसुद्धा नावच ऐकलं नव्हतं. एका बेकरीवाल्याने सुचवली, त्याने त्याआधी मंडळात एक अक्षर लिहिलं नव्हतं. "एकतीस मिनिटं. जमिनीवर झोपून, डोक्याखाली काही न घेता. एकटेपणाची भीती असलेल्याने ऐकू नये."

यात दोन ड्रमवाले आहेत, एकेका कानात एकेक. सुरुवातीला दोघे एकमेकांना ओळखच देत नाहीत. उजवा पाचात वाजवतो, डावा सातात. तू हसशील, मी बोटांवर मोजलं, पस्तीस मात्रा झाल्या की दोघांची सम एकत्र येते, क्षणभर, आणि परत फाटते. मला ती जागा आधी कळलीच नव्हती. तिसऱ्यांदा कळली आणि मी जमिनीवर पडल्या पडल्या मोठ्याने म्हणाले, अरे! आता नव्या गुडघ्याने जमिनीवरून उठणं हा वेगळाच सोहळा आहे, तो पलंगाला धरून अर्धा तास चालला. पण त्या अर्ध्या तासात मी काहीतरी ठरवलं.

मी हे गाणं तुला असंच पाठवू शकत नाही. पाठवलं तरी तू ऐकू शकणार नाहीस. हेडफोन लावलास की तुला माझं ते वाक्य ऐकू येत असणार, आधी ते काढायला हवं. तर ही पुरी कबुली.

आईने हाक मारली तेव्हा मी बाहेरच्या टेबलावर सहामाहीचे पेपर तपासत होते. तुझं दार बंद होतं, तुझ्या कानांवर हेडफोन होते, तुला ऐकू जाणं शक्यच नव्हतं. मला गेलं. पहिल्याच हाकेला गेलं. मी म्हटलं, "आले गं." हातात शेवटून दुसरा पेपर होता. मनात म्हटलं, एवढे दोन होऊ देत, नाहीतर परत बैठक जमायची नाही. आणि हेही म्हटलं की दिवसभर मीच उठतेय, एकदा तो उठेल. दुसरी हाक आली नाही. मला वाटलं, तू गेलास. शेवटचा पेपर मी अगदी निवांत तपासला, त्या मुलीला अठ्ठावीस मार्क दिले. मग धप्पकन आवाज आला.

ऐकू तुला गेलं नव्हतं. ऐकून मी उठले नव्हते.

काकूने विचारलं तेव्हा सगळ्यांची नजर फिरत फिरत माझ्याकडे यायला लागली होती, तेवढ्यात माझं बोट उठलं. इतकंच. यात आणखी काही कारण शोधलं तर ती पुन्हा अर्धी कबुली होईल. काकूला, मामाला, त्या दिवशी तिथे होते त्यांतले जे कोणी आहेत त्या सगळ्यांना मी आज हेच पत्राने कळवलं आहे. पाच पाकिटं टपालात टाकून मग हे लिहायला घेतलं.

मला माफ कर असं म्हणायचा माझा धीर होत नाही. गाणं ऐक.

ताई

६ मार्च

ठोक्या, माझ्या ठोक्या,

तुझं पत्र परवा दुपारी आलं. पोस्टमनने बेल दाबली तेव्हा मी पायडलवर होते, बारा मिनिटं झाली होती, आणि मी उतरले. पहिल्यांदाच गाणं सोडून उतरले.

आधी तुझ्या मताबद्दल. तीनदा ऐकून दिलेलं आहे म्हणून मान्य करते, पण "मधली सहा मिनिटं उगाच ताणली आहेत" हे मी मंडळात लिहिलं आणि तिथे आग लागली आहे. बेकरीवाला म्हणतो, त्यांना चौथ्यांदा ऐकायला सांगा. दाढ म्हणते, अकरा वर्षं उपाशी असलेला माणूस ताटाला नावं ठेवतो म्हणजे तब्येत उत्तम आहे. तू पहिल्याच खेपेला ती पस्तीस मात्रांनंतरची सम पकडलीस आणि मला तीन खेपा लागल्या, हे मी कोणाला सांगितलेलं नाही. तुझी बायको म्हणाली की तू जमिनीवर झोपला होतास आणि तिने विचारलं काय होतंय, तर म्हणालास, "आत्ता कुठे सुरू होतंय."

आता दुसरं. तुझ्या पत्रातल्या शेवटच्या चार ओळी मी इतक्या वेळा वाचल्या आहेत की पाठ झाल्या. तू लिहितोस, "आईने मला दवाखान्यात दुसऱ्या दिवशीच सांगितलं होतं. म्हणाली, ताई 'आले' म्हणाली होती, मीच थांबले नाही. तिला कधी विचारू नकोस, ती मोडेल. मी विचारलं नाही. तू आपणहून सांगशील म्हणून वाट बघत होतो, जरा जास्तच वेळ लागला."

म्हणजे काकूसमोर मी बोट दाखवलं तेव्हा तुला ठाऊक होतं. एका वाक्यात तू मला उघडं पाडू शकला असतास, आणि तू चपला घातल्यास. अरे, मला वाटत होतं की तू रागावून गप्प आहेस. तू तर आईचं ऐकत होतास.

मला रडू आलं, ते सांगून टाकते. पण खरं सांगू, त्यानंतर जे आलं ते रडू नव्हतं. मी उठून घरभर चालले, या खोलीतून त्या खोलीत, सात मोजत. डॉक्टर आली तेव्हा म्हणाली, मॅडम, आज काय पळताय! मी म्हटलं, माझ्या भावाचं पत्र आलंय. तिला कळेना की पत्राचा गुडघ्याशी काय संबंध, पण तिने प्रवासाची परवानगी दिली. बसमध्ये दर तासाला उठून उभं राहायचं या अटीवर.

तर मी येते आहे. बारा तारखेला सकाळी पोचेन. दोन दिवस आपल्या हातात आहेत आणि मंडळाने दोन दिवसांचा कार्यक्रम आखून दिला आहे, मिनिटकाट्याने तर मिनिटासकट. त्यातलं तुला नको ते खोडून टाक. 'सातवा पोस्टमन' मात्र माझ्या क्रमाने ऐकावा लागेल. चौदानंतरचीही तयारी चालू आहे. पूर्वी सगळं एकाच वाटेने ध्वनिमुद्रित करत, दोन कानांची भानगडच नव्हती, आणि आजही काही वेडे मुद्दाम तसंच करतात. दाढ अशा गाण्यांची यादी करते आहे. आत्तापर्यंत एकोणीस झाली आहेत, आणि त्यांतली चौदा तू ऐकलेली नाहीत असं मी पैजेवर सांगते.

ऑपरेशननंतर मला तुझ्या खोलीत बसू देतील का, हे तुझ्या बायकोला विचारून ठेवायला सांग. खुर्ची पलंगाच्या डाव्या बाजूला लावायची. मी पेपर, वही, फोन काही हातात घेणार नाही. तू हाक मारलीस तर "आले" म्हणणार नाही, उठेन.

ताई